शोकगृहांतील वाचन

शरीराच्या जखमेस वैद्य पट्टी बांधतो. मनाच्या जखमेस कोणीं बांधावी? पहिल्या महायुद्धाच्या काळांत कित्येकांनीं या प्रश्नाचें उत्तर कथाग्रंथांत शोधलें.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें युद्ध पेटतांच मे गॅस्केल या इंग्रज बाईंनीं जखमी शिपायांस पुस्तकें पुरविण्याचें कार्य आरंभिलें. लंडनमधील सरे हाऊस हा वाडा त्यांस मिळाला; परंतु लोकांनीं इतकीं पुस्तकें पाठविलीं कीं, ती जागाही अपुरी पडली. १९१५ मध्यें या कार्यास रेड क्रॉसचें साहाय्य लाभलें. १९१६ मध्यें सॅम्युअल क्रॉथर्स या अमेरिकन धर्मोपदेशकानें एका विनोदी निबंधांत पुस्तकांच्या योगें रोग बरे करण्याच्या विद्येस 'बिब्लिओथेरपी' असें नांव दिलें.

या औषधाची गरज रुग्णालयाबाहेरही होती. १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेला ग्रंथकार रुडयार्ड किप्लिंग याचा पुत्र जॉन दृष्टि अधू असल्यामुळें सैन्यांत घेतला जाईना. तेव्हां पित्यानें वशिला लावून त्यास आयरिश गार्ड्स पलटणींत जागा मिळवून दिली. १९१५ च्या सप्टेंबरांत लूसच्या लढाईंत जॉन नाहींसा झाला. त्याचें वय अवघें १८ वर्षांचें होतें. प्रेतही हातीं लागलें नाहीं. आपणच त्यास धाडलें, हें पिता कसें विसरणार?

१९१७ च्या जानेवारींत किप्लिंग पत्नीस व कन्येस जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवूं लागला. त्यांपासून झालेल्या आनंदाची नोंद पत्नीच्या रोजनिशींत आहे. या कादंबऱ्यांत तोफांचा गडगडाट नाहीं. शेजाऱ्यांच्या भेटीगाठी आहेत, विवाहाचीं बोलणीं आहेत. त्यांत शोकाकुलास उपदेशही नाहीं. परंतु एकाच दुःखानें घरांतील माणसें निरनिराळ्या कोपऱ्यांत मूक होऊन बसतात, त्यांना एका दिव्याभोंवतीं आणण्याचें सामर्थ्य अशा गोष्टींत असतें. आपल्या दुःखाविषयीं बोलवत नसलें, तरी दुसऱ्याच्या कथेविषयीं बोलतां येतें.

१९२४ मध्यें किप्लिंगनें 'द जेनाइट्स' ही कथा प्रसिद्ध केली. तींत तोफखान्यांतील शिपाई ऑस्टिनच्या वाचनानें परस्परांचे बंधु होतात, आणि तिच्या एका पात्राच्या नुसत्या उल्लेखानें जखमी शिपायास रुग्णांच्या आगगाडींत जागा मिळते.

पुत्राचा शोध न लागतांच १९३६ सालीं किप्लिंग वारला. गोष्टींनीं त्याचा शोक नाहींसा केला नाहीं. तो एकट्यानें वाहण्याचा प्रसंग मात्र टळला.