बक्षीस, दर आणि छाट : माणूस कामाला का येतो?



व्यवस्थापनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ‘प्रेरणा’ हे प्रकरण उघडलं की तीच नावं भेटतात. टेलर, १९११. मॅस्लो, १९४३. हर्झबर्ग, १९५९. मॅकग्रेगर, १९६०. सगळे अमेरिकन. परीक्षेला त्रिकोण काढायचा, पाच गरजांची उतरंड लिहायची, झालं. पण लाखनीत उभं राहून हा विषय मांडायचा तर आम्हाला दोन जागा दिसतात. एक नागपूरची एम्प्रेस मिल. दुसरी इथलीच, आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातली : छपरीत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणारी बाई.

आधी गिरणी. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. कारभार सोपवला बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून आलेले, कापडधंद्याचा अनुभव नाही. कापूस जवळ होता, यंत्रं आली, पण माणसं रोज येईनात. चार दिवस यायचे, हातात पैसे आले की घरी. सण, लग्न, शेती, काहीही कारण पुरे.

त्या काळचे मालक याला सरळ आळस म्हणत. आम्हाला ते पटत नाही. ज्याच्याकडे थोडी शेती आहे किंवा घरी माग आहे, त्याला भोंग्याच्या तालावर जगण्याची गरज वाटत नव्हती, एवढंच. आणि तो गप्पही नव्हता बरं का. त्याच १८७७ साली एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून संप झाला. हिंदुस्थानातल्या गिरणी-संपांचा इतिहास सांगताना बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

गैरहजेरीवर ठरलेला उपाय म्हणजे दंड. जमशेटजींनी उलटी वाट धरली. खेळांचे सामने, बक्षीस समारंभ, घड्याळं, रोख रकमा. गिरणीत हवा दमट ठेवण्याची आणि आग विझवण्याची यंत्रणा. पुढे १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. सरकारचा अपघात-भरपाईचा कायदा आला १९२३ ला, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ ला. म्हणजे मॅस्लो ज्याला ‘सुरक्षिततेची गरज’ म्हणतो, तिची सोय नागपुरात त्याच्या जन्माआधीच सुरू झाली होती. यात निव्वळ दयाबुद्धी नव्हती. माणूस टिकला तर सूत चांगलं निघतं, हा हिशोब होताच. हर्झबर्ग म्हणेल की पगार, पेन्शन, सुरक्षितता यांनी नाराजी जाते, उमेद येत नाही. असेल. पण ज्याला फंड कधी मिळालाच नाही, त्याच्यासमोर हे वाक्य जपून बोलावं.

आता छपरीत येऊ.

बिडीला ना भोंगा, ना हजेरी, ना बक्षीस. तेंदूपत्ता जंगलातून येतो, तंबाखू बाहेरून येते, सट्टेदार दोन्ही मोजून देतो आणि हजार बिड्यांमागे दर ठरतो. जितकं वळाल तितकं कमवाल. ऐकायला हा टेलरचा कामानुसार दर वाटतो. पण टेलरची पहिली अट काय होती? अवजार आणि माल एकसारखा देण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची. इथे पान फाटकं निघालं, कमी पडलं, तर तूट वळणारीची. वर छाट. म्हणजे तयार बिड्यांतून ‘खराब’ म्हणून काढलेल्या बिड्या, ज्यांची मजुरी मिळत नाही. वेग वाढवला तर छाट वाढणार, जपून वळलं तर हजारी भरणार नाही. प्रेरणेचा सिद्धांत इथे कुठे बसवायचा ते तुम्हीच सांगा.

यात सरकारनेही एक प्रयोग करून पाहिला. १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कायदा झाला. तेव्हा आपला भंडारा त्याच प्रांतात. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळण्यावर बंदी घालायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला मिळाला. कारण काय, तर शेतीला मजूर मिळत नाहीत. १९५० मध्ये सागर जिल्ह्यातल्या काही गावांना १ जुलै ते ३० सप्टेंबर अशी बंदी लागू झाली. आपल्याकडे हेच रोवणीचे दिवस, म्हणून त्यामागची नड इथल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पण उपाय पहा. शेतातली मजुरी वाढवायची नाही, दुसरं दार बंद करायचं. माणसाला मुळात काम नको असतं, त्याला ढकलावंच लागतं, या समजाला मॅकग्रेगरने पुढे ‘एक्स’ असं नाव दिलं. इथे त्याचा थेट कायदाच झाला होता. चिंतामणराव नावाचे बिडी कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी तो रद्द झाला. न्यायालयाने विचारलं, म्हातारे, अपंग, ज्यांना शेतकाम झेपत नाही अशा बायका, यांनी त्या तीन महिन्यांत काय करायचं?

तरी मूळ प्रश्न उरला : बिडी वळणारा कामगार कुणाचा? मालक म्हणे, तो येतो-जातो मर्जीने, मग आमचा नोकर कसा? रजा कसली? नागपूरच्या एका बिडी कारखान्यातलं हे भांडण, बिरधीचंद शर्मा खटला, १९६०-६१ च्या सुमारास निकाली निघालं आणि कारखान्यात बसून वळणारे हे कामगारच, असं ठरलं. तिथे दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नसे, आठ दिवस गैरहजर राहिला तर काढता येई. मर्जी ती एवढीच.

पण सूप घेऊन घरी बसलेली बाई त्या निकालात नव्हती. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी माल नेऊन वळणाऱ्यांनाही कर्मचारी म्हटलं. १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा बिडीधंद्याला लागू झाला. एम्प्रेस मिल सुरू होऊन तेव्हा शंभर वर्षं झाली होती. कारखानदार पुन्हा न्यायालयात. त्यांचं म्हणणं, घरी वळणारीवर आमची देखरेख नाही, मग ती आमची नोकर नाही आणि फंडही नाही.

१९८५ मध्ये पी. एम. पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कारण ऐकण्यासारखं आहे. वळून आणलेली बिडी नाकारायचा हक्क तुमच्याकडे आहे ना, मग तीच तुमची देखरेख आणि तोच तुमचा ताबा. म्हणजे जी छाट तिची मजुरी कापत आली, तिच्याच आधारावर ती बाई मालकाची कर्मचारी ठरली.