शनिवारचा पिंपळ

श्रावण लागला की पंचांगात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दर शनिवारी ‘अश्वत्थ-मारुती पूजन’ असे शब्द दिसतात. पुण्याच्या जुन्या पेठांत त्या दिवशी पिंपळाच्या मुळाशी पाणी घालतात, प्रदक्षिणा घालतात, मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ वाहतात. काही घरांत मुंज झालेल्या मुलाला बोलावून न्हाऊ घालायची, जेवू घालायची आणि दक्षिणा द्यायची रीत आहे. झाड, देव आणि बटू या तिघांचा मान एकाच वारी का, हे समजून घ्यायचं तर शनिवार पेठेपासूनच सुरुवात करावी.

मुसलमानी अमलात ही वस्ती मुर्तजाबाद म्हणून ओळखली जाई. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. मुठेच्या अंगाला ओंकारेश्वर आणि अमृतेश्वर उभे राहिले. पेठेबाहेर पडून थोडं चाललं की शनिपार लागतो, सदाशिव पेठेत नागनाथ पार, लक्ष्मी रस्त्यावर उंबऱ्या गणपती, शुक्रवारात चिंचेची तालीम. पुणेकर पत्ता सांगतो तेव्हा त्यात झाड किंवा झाडाचा पार बहुतेक वेळा येतोच.

शनीचा आणि पिंपळाचा संबंध पुराणांनी जोडला तो गोदावरीच्या काठी. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात अश्वत्थ आणि पिप्पल नावाचे दोन राक्षस भाऊ येतात. एक पिंपळाचं रूप घेऊन सावलीला येणाऱ्यांना गिळतो, दुसरा गुरू बनून शिष्यांना खातो. ऋषी तपाला बसलेल्या शनीकडे गाऱ्हाणं घेऊन जातात. शनी ब्राह्मणाच्या वेषात झाडाला प्रदक्षिणा घालू लागतो, राक्षस सवयीने त्याला गिळतो आणि आतून भस्म होतो. दुसऱ्या भावाचीही तीच गत होते. मग शनी वर देतो, की माझ्या वारी जो अश्वत्थाला स्पर्श करील त्याची कामं सिद्धीस जातील. साडेसातीच्या धास्तीने आज जो माणूस शनिवारी पिंपळाला फेऱ्या घालतो, तो नकळत या गोष्टीतल्या शनीच्याच पावलांवर चालत असतो.

पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात याच वाराचं कारण निराळं आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजे अलक्ष्मी, वर आली. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं, म्हणून विष्णूने तिला उद्दालक ऋषीला दिलं. वेदघोष आणि अतिथिसत्कार चालणाऱ्या आश्रमात तिचा जीव रमेना. “तुझ्याजोगी जागा शोधून येतो, तोवर इथे बस,” असं सांगून ऋषी तिला पिंपळाखाली बसवून गेला, तो परतलाच नाही. तिचं रडणं ऐकून लक्ष्मी आणि विष्णू आले आणि ते झाडच तिला राहायला मिळालं. धाकटी बहीण दर शनिवारी तिला भेटायला येते. म्हणून पिंपळाला शिवायचं ते शनिवारी, एरवी नाही.

पिंपळाची जादू इथेच आहे. एका कथेत त्याच्यात राक्षस आहे, दुसरीत टाकलेली बाई आहे, तरी गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण सगळ्या झाडांत स्वतःला अश्वत्थ म्हणवतो. जे पूज्य तेच भीतिदायक, हा दुहेरीपणा या झाडाला पहिल्यापासून चिकटलेला आहे.

‘पहिल्यापासून’ म्हणजे किती मागे? मोहेंजोदडोला सापडलेल्या, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका मुद्रेवर पिंपळाच्या कमानीत एक देवता उभी आहे, समोर कोणी गुडघे टेकले आहेत आणि खाली सात आकृती ओळीने उभ्या आहेत. अथर्ववेदात अश्वत्थ तिसऱ्या स्वर्गातलं देवांचं आसन आहे. यज्ञाचा अग्नी घासून काढायची अरणी शमीवर रुजलेल्या पिंपळाच्या लाकडाची असावी, असं श्रौत परंपरा सांगते. शतपथ ब्राह्मणाने या प्रथेची मुळं पुरूरवा-उर्वशीच्या कथेत शोधली आहेत. कठोपनिषदात आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायात हाच वृक्ष उलटा होतो, मुळं वर आणि फांद्या खाली. दहाव्या अध्यायात जो ईश्वराची विभूती होता, तो इथे अनासक्तीच्या शस्त्राने तोडायचा संसार झाला. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीत हा संसारवृक्ष मुळापासून शेंड्यापर्यंत उलगडून मराठीत आणला.

ज्ञानदेवांच्या घराण्याची कथाही पिंपळापाशीच वळण घेते. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले तेव्हा रुक्मिणीबाई आळंदीत सिद्धेश्वराजवळच्या पिंपळाला प्रदक्षिणा घालत असत. तिथे आलेल्या स्वामींना त्यांनी नमस्कार केला आणि पुत्रवती होण्याचा आशीर्वाद मिळाला. ते स्वामी विठ्ठलपंतांचेच गुरू निघाले. त्यांनी शिष्याला घरी परत पाठवलं. वारकरी त्या झाडाला ‘सोन्याचा पिंपळ’ म्हणतात. त्या आशीर्वादाने जन्मलेल्या मुलांना मात्र संन्याशाची पोरं म्हणून मुंज नाकारली गेली. गुरुचरित्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातही हेच झाड आहे. साठीच्या निपुत्रिक बाईला नृसिंहसरस्वती भीमा-अमरजा संगमावरच्या अश्वत्थाची सेवा सांगतात आणि तिची कूस उजवते.

बौद्धांचा पिंपळ वेगळा. गयेला सिद्धार्थाला त्याच्याखाली बोध झाला. पुढे सांचीच्या सुरुवातीच्या शिल्पकारांनी बुद्धाची मूर्ती कोरलीच नाही. रिकामं आसन आणि वर पिंपळ कोरला, तेवढ्याने बुद्ध आला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात संघमित्रेने त्या झाडाची फांदी श्रीलंकेत अनुराधापुरला नेली आणि तिथला बोधिवृक्ष आजही उभा आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथला बोधिवृक्ष याच अनुराधापुरच्या झाडाच्या वंशातला, भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणून लावलेला आहे. ज्यांना गावाच्या पारावर बसू दिलं जात नव्हतं, त्यांनी तेच झाड स्वतःच्या हक्काने, निराळ्या अर्थाने आपलं केलं.

पुन्हा मुठेकाठी यायचं ते पिंपळाच्या दुसऱ्या अंगासाठी. ओंकारेश्वराजवळ पूर्वी दहनघाट होता. चिमाजी अप्पांचं स्मारकही तिथेच आहे. माणूस गेल्यावर दहा दिवस पिंपळाला पाण्याचा घट टांगायचा, म्हणजे तहानलेल्या प्रेताला पाणी पोचतं, असा अंत्यविधीतला आचार आहे. आणि मुंज झाली पण सोडमुंजीआधी जो मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हा समज घरोघर पोचलेला. पुण्यात एका बोळाचं नावच मुंजाबाचा बोळ आहे. ज्या काळी देवी आणि पटकी घरातली पोरं उचलून नेत, त्या काळी जवळजवळ प्रत्येक घराला असा एखादा मुंजा ठाऊक असणार. श्रावणी शनिवारी जिवंत बटूला आवडीचं जेवू घालण्यामागे त्या गेलेल्या पोराची आठवण नाही, असं म्हणणं अवघड आहे. झाडाचीसुद्धा मुंज लावतात. म. म. पां. वा. काणे यांनी ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथात, जो पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापला, अश्वत्थाच्या उपनयनाची नोंद केली आहे.

एवढं सगळं एकाच झाडाला का चिकटलं, याचं अर्धं उत्तर झाडातच आहे. पिंपळाचं पान हातात घेऊन पाहावं. देठ लांब, पातं रुंद, टोक शेपटीसारखं निमुळतं. शेजारचा आंबा स्तब्ध असतो तेव्हाही ही पानं सळसळतात, आणि रात्री झाडावर कोणी तरी असल्याचा भास होतो. दुसरं म्हणजे त्याला रुजायला माती लागत नाही. पक्षी फळ खातात, बी विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं आणि तिथेच रुजतं. देवळाच्या शिखरावर आणि वाड्याच्या तटात न लावता उगवलेलं झाड देवाने पाठवलं असंच वाटणार. पुढे त्याची मुळं तीच भिंत फोडतात, म्हणून घराजवळ पिंपळ नको, असंही जुनी माणसं सांगतात. तोडायला मात्र कोणी धजत नाही. लिनियसने १७५३ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं तेही ‘फायकस रिलिजिओसा’, म्हणजे धर्माचा फायकस.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. त्या जागी इमारती आल्या, अंगणं गेली, झाडांचे पार फरशीने मढले. २०२१ साली महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. असं झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. पण बुंध्यापर्यंत सिमेंट आलं, की शनिवारी घातलेलं तांब्याभर पाणी मुळाशी न जाता गटारात जातं. फरशी काढून बुंध्याभोवतीची माती मोकळी करून घेणं हे काम पालिकेचं आहेच. तसा अर्ज करायला मात्र दर शनिवारी तिथे येणाऱ्यांनीच पुढे व्हायला हवं, कारण त्या झाडाला आठवड्यातून एकदा जवळून पाहणारी माणसं तीच आहेत.