गारगोटीचं गाव



टोरांटो असो, कॅल्गरी असो की हॅलिफॅक्स, स्फटिक विकणाऱ्या एखाद्या दुकानात तुम्ही कधीतरी डोकावला असाल. तिथे पांढऱ्या खडकावर उगवल्यासारखे हिरवट, काचेसारखे चकचकीत स्फटिक मांडलेले असतात. शेजारी छोटी चिठ्ठी असते, 'अपोफिलाइट, इंडिया'. या चिठ्ठीतला इंडिया म्हणजे बहुतेक वेळा आपला महाराष्ट्र. जळगाव, नाशिक, पुणे, नगर. ज्या जिल्ह्यातून तुमचे आजी-आजोबा आले, त्याच जिल्ह्यातला दगड तुमच्या आधी कॅनडात येऊन बसलेला असू शकतो. पण चिठ्ठीवर त्याचं गाव नसतं. आजच्या भागात या दगडांच्या गावांबद्दल बोलू या. यातलं एक गाव आपल्याकडचं आहे आणि एक इथलं, कॅनडातलं.

आधी हे स्फटिक होतात कसे ते पाहू. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचले. थंड झाल्यावर त्याचा काळा पाषाण झाला. आपले गडकोट याच पाषाणावर उभे आहेत आणि वेरूळचं कैलास लेणं यातच कोरलेलं आहे. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी खडकात झिरपत राहिलं. त्यात विरघळलेली द्रव्यं या पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू बसत गेली आणि स्फटिक वाढले. बाहेरून ओबडधोबड दिसणारा धोंडा फुटला की आत एकदम लखलखाट दिसतो, तो यामुळे.

यातल्या बऱ्याच खनिजांचं घराणं एक आहे, झिओलाइट. हे नाव 1756 मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सल क्रोनस्टेट यांनी दिलं. असा दगड तापवला की तो फसफसतो, हे त्यांनी पाहिलं. म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं नाव जुळवलं. या स्फटिकांच्या रचनेतच पाणी कोंडलेलं असतं आणि तापवल्यावर ते बाहेर पडतं. अपोफिलाइट काटेकोरपणे पाहिलं तर या घराण्यातलं नाही, पण राहतं त्यांच्याच शेजारी, त्याच पोकळ्यांत.

आता कॅनडाकडे येऊ. पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशियात, फंडीच्या उपसागराकाठी नॉर्थ माउंटन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. तीही लाव्हाचीच. फक्त वयाने फार थोरली, सुमारे वीस कोटी वर्षांची. आफ्रिका आणि उत्तर अमेरिका एकमेकांपासून फाटू लागल्या तेव्हाची. तोच काळा पाषाण, त्याच पोकळ्या, तेच झिओलाइट. स्टिलबाइट नावाचं गुलाबी-पिवळसर खनिज नाशिककडे ढिगाने निघतं. नोव्हा स्कोशियाने 1999 मध्ये त्यालाच आपलं प्रांतीय खनिज म्हणून मान दिला.

या किनाऱ्याची गोष्ट खूप जुनी आहे. मिकमॉ लोकांच्या परंपरेत ब्लोमिडन भूशिर म्हणजे त्यांच्या महानायकाचं, ग्लूस्कॅपचं घर. 1604 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी शॅम्प्लेन तांब्याच्या शोधात या उपसागरात फिरला. 1827 मध्ये बॉस्टनचे चार्ल्स जॅक्सन आणि फ्रान्सिस अल्जर हे दोन तरुण आले. इथले कडे धुंडाळून त्यांनी खनिजांचं सविस्तर वर्णन छापलं. याच भागात जन्मलेले डॉक्टर अब्राहम गेस्नर यांना औषधांपेक्षा दगडांचं वेड जास्त. ज्या रॉकेलवर आपल्या आजीचे कंदील आणि स्टोव्ह चालले, ते केरोसीन शोधणारे हेच गेस्नर. 1842 मध्ये त्यांनी सेंट जॉन शहरात आपल्या संग्रहाचं संग्रहालय उघडलं. पैसा मात्र पुरला नाही, संग्रह सावकारांच्या हाती गेला. तरी तो विखुरला नाही. पुढे त्यातूनच न्यू ब्रन्सविकच्या संग्रहालयाची परंपरा सुरू झाली.

आणि मग 1864 साल. विंडसरच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक हेन्री हाउ यांनी फंडीकाठच्या मॉर्डन या छोट्या वस्तीजवळ सापडलेल्या एका झिओलाइटला नाव दिलं, मॉर्डेनाइट. हे खनिज पुढे जगभर सापडलं, आपल्या दख्खनच्या पाषाणातही सापडतं. म्हणजे पाहा, महाराष्ट्राच्या खडकात कॅनडातल्या एका खेड्याचं नाव बसलेलं आहे.

मग आपल्या एखाद्या गावाचं नाव असं जगात गेलं की नाही? गेलं होतं. 1831 मध्ये ब्रुक नावाच्या इंग्रज अभ्यासकाने पुण्याकडच्या एका सुईसारख्या पांढऱ्या खनिजाला 'पूनाहलाइट' असं नाव दिलं. पण नंतर तपासात दिसलं की हे तर स्कोलेसाइट, ज्याचं बारसं 1813 मध्येच झालेलं. शास्त्राचा नियम असा की जुनं नाव टिकतं. पुण्याचं नाव पुसलं गेलं. मॉर्डन राहिलं, पुणे गेलं. यात कुणाचा कावा नव्हता. पण त्यातून एक गोष्ट कळते. दगडाचं नाव बदलू शकतं, त्याचं गाव बदलत नाही. आणि ते गाव फक्त चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे स्फटिक मोठ्या प्रमाणात उजेडात आले ते रेल्वेमुळे. बोरघाटातला रेल्वेमार्ग 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. सह्याद्री फोडून पंचवीस बोगदे काढले. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर तिथे राबत होते आणि पटकीने कितीतरी माणसं दगावली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम पुढे नेलं. ही नावं नोंदली गेली. घाटातले अपोफिलाइट बोटीने लंडनच्या संग्रहालयात पोचले, त्यांचीही नोंद झाली. ज्याच्या घणाखाली ती पोकळी पहिल्यांदा उघडली, त्याचं नाव मात्र कुठल्याच चिठ्ठीवर नाही.

पुढेही तेच चाललं. मुंबईत मालाड, कांदिवलीच्या दगडखाणींतून सुंदर हिरवं प्रेहनाइट निघालं. आज तिथे इमारती आहेत. पुण्याजवळ नगर रस्त्यावरच्या वाघोलीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. 1967 मध्ये अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये कॅव्हॅन्साइट हे गडद निळं खनिज पहिल्यांदा सापडलं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव पडलं. तिकडचे स्फटिक बारीक होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणीत त्याच निळ्या रंगाचे टपोरे झुबके निघू लागले आणि जगभरचे संग्राहक थक्क झाले. खाण मात्र खडीसाठी होती. सुरुंग उडाला, धोंडा हाती आला, आणि खडी करायची की बाजूला ठेवायचा हे तिथल्या कामगाराच्या नजरेने ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार समाजाच्या हातांना पोकळ दगडाचा आवाज कळतो. विहीर खोदतानाही असेच स्फटिक निघतात, राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचे हिरवे अपोफिलाइट त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे हे सगळं बघायचं असेल तर नाशिकजवळ सिन्नरला के. सी. पांडे यांचं 'गारगोटी' संग्रहालय आहे. पुढच्या भारतवारीत मुलांना जरूर न्या.

आता चिठ्ठी का महत्त्वाची? व्यापारात हात बदलत जाताना गाव गळून पडतं. वाघोलीचा दगड आधी 'पूना' होतो, मग 'इंडिया', मग नुसताच 'निळा स्फटिक'. खाण तर बुजलेली असते, त्यामुळे नंतर विचारणार कुणाला? गाव गेलं की अभ्यासकाच्या दृष्टीने त्या दगडाचा निम्मा जीव जातो. देश सोडून आलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. तिसऱ्या पिढीला विचारा, 'मूळ गाव कोणतं?' उत्तर बऱ्याचदा 'इंडिया' एवढंच येतं.

म्हणून दोन कामं सुचवतो. दगड विकत घेताना दुकानदाराला जिल्हा आणि गाव विचारा, आणि ते लिहून ठेवा. उन्हाळ्यात नोव्हा स्कोशियाला गेलात तर पार्सबरोला थांबा. तिथे फंडीचं भूविज्ञान संग्रहालय आहे आणि ऑगस्टमध्ये खनिजांचं प्रदर्शन भरतं. हिवाळ्यात कड्यांच्या भेगांत पाणी गोठतं, खडक फुटतो आणि वसंतात नवे स्फटिक किनाऱ्यावर पडलेले असतात. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात ठेवा. इथे पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं आणि कड्याखाली अडकलात तर सुटका अवघड. राखीव जागी काही उचलू नका, जीवाश्मांना परवाना लागतो आणि खासगी जमिनीवर मालकाला आधी विचारा.

घरी आल्यावर मुलांच्या हाती पेन द्या. चिठ्ठीवर चार ओळी पुरतात: दगडाचं नाव, गाव, तारीख आणि कुणाला सापडला. सापडणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर ती ओळ कोरी ठेवा, पण ठेवा. कुणाच्या तरी हातांनी तो दगड काढला होता, एवढं तरी त्या कोऱ्या ओळीवरून कळेल.