ब्लो-बाय (डिझेल इंजिन)

सिलिंडरमधील ज्वलनाचे वायू पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये निसटणे. गॅरेजमध्ये याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. थोडा ब्लो-बाय प्रत्येक इंजिनात असतोच. तो वाढला की क्रँककेसमध्ये दाब साचतो, ब्रीदरमधून तेलकट धूर येतो, सीलमधून ऑइल झिरपते आणि पातळी उतरते. मालवाहू पिकअपमध्ये रिंगा व लायनर झिजण्यामागे बरेचदा फाटका एअर फिल्टर आणि त्यातून आत गेलेली धूळ असते.

ऑइलची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकने पाहावी. ऑइलचा लाल दिवा पातळी नव्हे, दाब कमी झाल्याचे सांगतो. तो चालत्या गाडीत लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.

ऑइल भरण्याचे झाकण काढून वाफ दिसली म्हणून लगेच इंजिन उघडण्याचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. आधी ब्रीदरची नळी चोंदली आहे का पाहावे, क्रँककेसचा दाब मोजावा. टर्बोचे सील किंवा व्हॅक्यूम पंप खराब असला तरी हवा तिथे शिरते. नेमका निवाडा लीक-डाउन चाचणीत होतो: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात. ऑइलच्या झाकणापाशी फुसफुस ऐकू आली तर संशय रिंगांवर, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते.