मूठभर धान्य ते सीएसआर: गावची शाळा कोणाच्या पैशावर उभी राहते?

आजचा प्रश्न साधा आहे. गावात शाळा, वसतिगृह, वाचनालय उभं राहतं, त्याचा पैसा येतो कुठून? आणि पैसा देणारा त्या बदल्यात काय मागतो?

केंदूर डोळ्यांसमोर ठेवा. शिरूर तालुक्यातलं संत कान्होराज पाठकांचं गाव. वर्गणी हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सप्ताह असो की मंदिराचा जीर्णोद्धार, घरटी पट्टी बसते आणि काम होतं. हीच रीत शिक्षणाकडे वळवली, तर काय होतं? त्याचं उत्तर सातारा जिल्ह्यात मिळतं.

४ ऑक्टोबर १९१९ला कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, हे त्या काळी सोपं नव्हतं. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पण नाव मिळालं म्हणून चूल पेटत नाही. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. एका घरानं किती सोसायचं, याला मर्यादा असतेच ना?

म्हणून आली मुष्टिफंडाची पद्धत. घराघरांत मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहासाठी गोळा करायचं. रोख पैसा शेतकऱ्याच्या हातात क्वचितच असायचा, धान्य मात्र घरात असायचं. म्हणजे मागणी देणाऱ्याला झेपेल अशीच होती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हजार घरांनी मूठ-मूठ दिली, तर एखाद्या घरानं हात आखडता घेतला म्हणून वसतिगृह बंद पडत नाही. आणि ज्या बाईनं मूठ दिली, तिला आपलं पोर तिथे पाठवायचा हक्क वाटतो.

रयतनं मोठ्यांचा पैसा नाकारला, असं मात्र नाही. बडोद्याच्या सयाजीरावांची मदत होती, हरिजन सेवक संघाचं अनुदान होतं, पुढे सरकारी अनुदानही आलं. पण अटी कुठे मान्य करायच्या, हे ठरलेलं होतं. १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. मोठी देणगी घ्या आणि कॉलेजचं नाव बदला, असा प्रस्ताव आला होता आणि कर्मवीरांनी तो धुडकावला, ही गोष्ट साताऱ्याकडे आजही सांगतात. पुढच्याच काळात राजकीय मतभेदातून मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. संस्था तरीही टिकली, कारण तिची मुळं लोकांत होती. अनुदान नंतर पुन्हा सुरू झालं. एकाच दात्यावर उभी असती, तर त्या वेळी काय झालं असतं, याचा विचार करा.

आता आपल्या भागात येऊ. केंदूरच्या शेजारी पाबळ. १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून या दुष्काळी गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. पोरांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया हातानं करायची आणि त्यातून गावाला उपयोगी पडणारी सेवा द्यायची. इथे शाळा गावाकडून नुसतं घेत नाही, परतही करते. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’शी याचं नातं उघड आहे.

आणि आजचा दाता? तो रांजणगावच्या एमआयडीसीत असू शकतो. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. कारखाना जिथे आहे, त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. मात्र हा निधी मागणाऱ्या गावच्या संस्थेची कागदपत्रं चोख हवीत: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकराची १२ए आणि ८०जी, आणि २०२१पासून सीएसआर-१ नोंदणी. दरवर्षीचं ऑडिट तर हवंच.

इथे एक धोका आहे. कंपनीला फोटोत दिसणारं काम आवडतं. संगणक येतात, भिंती रंगतात, नावाची पाटी लागते. पण लाइटबिल, दुरुस्ती, शिकवणाऱ्याचा पगार? प्रकल्पाची मुदत संपली की हा खर्च गावावर पडतो, आणि मग संगणकांवर धूळ बसते.

म्हणून इतिहासातून घ्यायचं ते एवढंच. कंपनीचा पैसा जरूर घ्या, पण त्याच्या जोडीला गावची मूठ ठेवा. रक्कम छोटी असली तरी चालेल. ज्या कामात गावाचा वाटा असतो, त्याचा हिशोब गाव मागतं. आणि ज्याचा हिशोब मागितला जातो, ते काम टिकतं.

तुमच्या गावची शाळा कोणी बांधली? घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.