खेळणाऱ्यांनी घडवलेला वंश: मडची कुळकथा

आज एकाच ऑनलाइन जगात हजारो माणसं एकाच वेळी वावरतात. टोळी जमवून राक्षसाला घेरतात, बाजारात तलवारी विकतात, ओळख नसलेल्याला वाट दाखवतात. या साऱ्या खेळांचा मूळपुरुष शोधत मागे गेलं, तर एक असा खेळ भेटतो ज्यात एकही चित्र नव्हतं. पडद्यावर फक्त मजकूर यायचा. तुम्ही अमुक वाटेवर उभे आहात, पूर्वेला जंगल आहे, इथे एक काठी पडली आहे. तुम्ही ‘पूर्वेला जा’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द टाइप करायचा आणि पुढचं वर्णन उमटायचं.

असे शब्दांचे खेळ तोवर एकट्याने खेळायचे असत. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याला १९७८ साली त्यात दुसरा माणूस आणायचा होता. त्या वेळी झॉर्क या खेळाची एक आवृत्ती ‘डंजन’ या नावाने फिरत होती. त्यावरून त्याने आपल्या खेळाला ‘मल्टी-यूजर डंजन’ म्हटलं. आद्याक्षरं जोडून झालं ‘मड’.

त्याने काढलेली युक्ती मला या कथेतला सगळ्यात सुंदर भाग वाटते. विद्यापीठात डेक कंपनीचा पीडीपी-१० संगणक होता आणि अनेक टर्मिनलं त्याला जोडलेली होती. एकच प्रोग्राम दहा जणांनी चालवला, तर तो स्मृतीत दहादा भरणं परवडणारं नव्हतं. म्हणून प्रोग्रामचा एक भाग सगळ्यांसाठी सामाईक असे, पण त्यात कुणाला काही बदलता येत नसे. तो फक्त वाचण्यापुरता. हे कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करून काढता येतं, हे ट्रबशॉच्या लक्षात आलं. मग खेळातल्या जगाची सगळी माहिती त्या सामाईक भागातच ठेवली तर? एकाने दार उघडलं की ते सगळ्यांसाठी उघडणार. एकाने काठी उचलली की दुसऱ्याला ती तिथे दिसणार नाही. पहिली आवृत्ती म्हणजे हे जमतं का, याची नुसती चाचणी होती. जमतंय असं दिसताच त्याने लगेच खरा खेळ लिहायला घेतला.

न्यायाने सांगायचं तर, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर सत्तरच्या दशकातच अनेकांनी मिळून खेळायचे खेळ होते. सोबतीने खेळण्याची कल्पना एसेक्सनेच शोधली असं म्हणता येणार नाही. पण आजच्या खेळांपर्यंत येणारी मोठी वाट एसेक्समधून निघते.

ट्रबशॉचं शिक्षण संपत आलं, तेव्हा १९८० मध्ये त्याने तो अर्धवट खेळ रिचर्ड बार्टल या सोबत्याच्या हाती दिला. जग उभं करण्यात ट्रबशॉला रस होता. त्या जगात माणसं करतील काय, याचा विचार बार्टलने केला. खजिना शोधायचा आणि तो दलदलीत नेऊन टाकायचा, म्हणजे गुण मिळत. गुणांवर पायऱ्या चढायच्या आणि शेवटच्या पायरीवर तुम्ही जादूगार व्हायचे. त्यानंतर खेळाच्या कारभारावरच तुमचा अधिकार चाले. आजच्या खेळांतली ‘लेव्हल’ म्हणजे हाच जिना. इंग्लंडमध्ये माणसाची पायरी जन्माने ठरते, असं बार्टलला वाटे. आपल्या जगात ती कर्तबगारीने ठरावी, अशी आपली इच्छा होती, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. खेळाच्या नियमामागे असा विचार असू शकतो, हे आजही पुरेसं लक्षात घेतलं जात नाही.

विद्यापीठाचा संगणक संगणकांच्या एका प्रायोगिक जाळ्याला जोडला गेला आणि बाहेरची माणसंही आत येऊ लागली. संगणकावर दिवसभर कामाचा ताण असल्याने बाहेरच्यांना खेळायची मुभा रात्री उशिरा मिळे. तरी ती येत राहिली.

आणि इथून एक साखळी सुरू झाली. मड खेळलेल्या ॲलन कॉक्सने १९८७ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला ‘ॲबरमड’ रचला. लिनक्सच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेला तोच हा कॉक्स. ॲबरमड युनिक्सवर आला आणि विद्यापीठाविद्यापीठांत पसरला. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जिम ॲस्पनेसने ‘टायनीमड’ काढला. त्यात लढाईला आणि गुणांना महत्त्व नव्हतं. लोक गप्पा मारायचे आणि आपापल्या खोल्या बांधायचे. स्वीडनच्या लार्स पेन्शोने ॲबरमड आणि टायनीमड दोन्ही खेळून त्यांचे गुण एकत्र आणणारा ‘एलपीमड’ लिहिला. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पाच विद्यार्थ्यांनी ॲबरमडवरून स्फूर्ती घेत १९९१ मध्ये ‘डिकूमड’ आणला. विभागाच्या डॅनिश नावाचं लघुरूप म्हणजेच डिकू.

डिकूमडने पुढचा काळ घडवला. तो मिळवून चालू करणं सोपं होतं, त्यामुळे जागोजागी त्याची बिऱ्हाडं थाटली गेली. योद्धा, पुरोहित, चोर, मांत्रिक असे वेगवेगळ्या कसबांचे गडी मिळूनच मोठा शत्रू पडायचा. एकाने घाव झेलायचे, दुसऱ्याने जखमा भरायच्या. एकट्याला जे जमणार नाही ते चौघांना जमेल, अशी रचना. माझ्या मते या खेळांचा जीव इथे आहे, चित्रं नंतरची.

चित्रं आली तीही याच घराण्यातल्या खेळाडूंच्या हातून. ‘एव्हरक्वेस्ट’ १९९९ मध्ये निघाला. त्याचा एक प्रमुख कर्ता ब्रॅड मॅक्वेड हा डिकू घराण्यातल्या मडचा खेळाडू होता. साम्य इतकं होतं की डिकूचा कोड वापरला असावा, असा संशय घेतला गेला. तेव्हा २००० साली कर्त्यांनी शपथेवर लिहून दिलं की एकही ओळ घेतलेली नाही. डिकूच्या विद्यार्थ्यांनी ते मान्य केलं. रचना घेतली होती, ती मात्र उघड दिसत होती. पुढे त्याच एव्हरक्वेस्टमध्ये मोठमोठ्या मोहिमांवर गेलेले रॉब पार्डो आणि जेफ कॅप्लन ब्लिझार्ड कंपनीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या आखणीत उतरले. २००४ मध्ये तो खेळ बाजारात आला आणि पुढे त्याचे खेळाडू कोटीच्या वर गेले.