चौकट, दिग्ना आणि ‘भीमायन’

चित्रकथा म्हटली की डोळ्यांपुढे आधी चौकट येते. ‘अमर चित्रकथा’ वाचत वाढलेल्या माझ्या पिढीला तर चौकट हा नियमच वाटत आला. एक संपली की दुसरी, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. हा नियम मोडला तो तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच चित्रकथा करायला बसलेल्या दोन गोंड कलावंतांनी. त्यांनी तो अजाणतेपणी मोडला की विचारपूर्वक, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. कलाशाळेची पायरी मी चढलेलो नाही. मूळ मजकूर आणि चित्रे शेजारी ठेवून वाचायची, एवढीच माझी पद्धत.

दुर्गाबाई व्याम मध्य प्रदेशातल्या मंडला भागातल्या. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. सणासमारंभाला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर काढायची ‘दिग्ना’ ही नक्षी त्या लहानपणी आजीकडून शिकल्या. त्यांचे पती सुभाष व्याम हे जनगढसिंह श्याम यांचे मेहुणे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जनगढ भोपाळच्या भारत भवनात आले आणि भिंतीवरची चित्रे कागदावर, कॅनव्हासवर उतरली. ही सारी मंडळी परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत कथागायक. बाना हे वाद्य वाजवून यजमानाच्या दारी कथा गायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय.

पुस्तकासाठी चित्रे काढणे दुर्गाबाईंना नवे नव्हते. भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्यासोबत केलेले, झाडांच्या गोष्टींचे त्यांचे पुस्तक २००६ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने काढले होते. पण तिथे एकेक चित्र आपल्यापुरते पूर्ण होते. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीतही एका वेळी एकच चित्र समोर येते; मधला दुवा सांगणाऱ्याच्या तोंडी असतो. चित्रकथेत तो दुवा कागदावरच आणावा लागतो. संवाद, काळाचे सरकणे, तेच पात्र पुन्हा पुन्हा येणे, हे सगळे या दांपत्याला नव्याने शिकायचे होते.

विषयही सोपा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत सांगितलेले प्रसंग हा ‘भीमायन’चा गाभा. कथन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, नवयानने ते २०११ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशकांनी या दोघांना जगातल्या नामांकित चित्रकथा दाखवल्या होत्या. त्या पाहूनही, पात्रांना डब्यांत कोंडले तर त्यांचा जीव गुदमरेल, त्यांना मोकळी जागा हवी, असे दोघांनी ठरवले. म्हणजे हा नकार अज्ञानातून आलेला नव्हता.

आता मूळ प्रसंग पाहा. १९०१ साली वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकतो. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसत नाही. मुलेच गाडी हाकतात. जवळ शिदोरी असते, पण पाणी मिळत नाही आणि ती तशीच उपाशी झोपतात. पुढे बडोद्याची पारशी धर्मशाळा, दौलताबादचा हौद. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक रेघ आखतो आणि ‘याच्या पुढे नाही’ म्हणतो. अशा माणसाची कथा पुन्हा रेघांच्या आतच मांडायची?

व्याम दांपत्याने पान वळणदार दिग्नाने विभागले. दिग्नासुद्धा विभागतेच, पण ती वाकते, वाट देते. तहानलेल्या भीमाचे धड मासा होते, आगगाडी साप होते. संवादांचे फुगेही बदलले. पीडितांचे आणि मायाळू माणसांचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात, विषारी बोलांना विंचवाची नांगी असते, आणि मनातल्या विचाराला डोळा असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बोलणाऱ्याचा निवाडा आधीच करून टाकला, तर वाचकाने करायचे काय? माझ्या मते इथे परधानांची जुनी रीत दिसते. कथागायक तटस्थ नसतो. तो कुणाच्या बाजूने गातो आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. नजर कुठून कुठे न्यायची, असा गोंधळ काही पानांवर होतो, हेही खरे. तिथे वाचकाला थांबावे लागते, आणि पाण्यासाठी थांबवल्या गेलेल्या मुलांच्या कथेत हे थांबणे मला गैर वाटत नाही.

दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही अशा कामाला ‘लोककलेची सजावट’ म्हणून बाजूला सारण्याची आपली सवय सुटलेली नाही. मोठ्या वयात नवी कला शिकणारा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. आजीची नक्षी आणि पूर्वजांची गाणी तो सोबत आणतो, आणि आल्या घरी एखादी भिंत त्याला अडचणीची वाटली तर ती काढायला सांगतो. मराठी चित्रकथेचा इतिहास लिहायला कुणी बसले, तर महाराष्ट्राच्या या कथेला मंडल्याच्या हातांनी दिलेल्या रूपाची नोंद त्यात असायला हवी.